गाडीचा मागचा सायलेन्सर घरी बदलताना

गाडी एकाएकी फाटक्या आवाजात गुरगुरायला लागली आणि मागून खुळखुळ ऐकू आली, की सायलेन्सर गंजला असं समजा. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. धूर बाहेर नेणारी नळी पुरती तापली नाही तर त्या वाफेचं पाणी आतच साचतं आणि पत्रा खातं. कोकणात खारी हवा बाहेरूनही हातभार लावते. दुरुस्ती लांबवू नका. भोकातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड डिकीच्या फटींतून आत शिरू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास.

आदल्या रात्री नटबोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन गार असतानाच काम सुरू करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी सपाट, टणक जागी घ्या. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागची चाकं धरतो. तीच चाकं जॅकवर उचलली, की हँडब्रेकचा उपयोग संपला! म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. जॅक फक्त उचलायला. गाडीचा भार दोन्ही बाजूंच्या स्टँडवरच (गाडी पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर) द्या. विटा रचून भागवू नका, त्या भाराखाली फुटतात. काढलेलं स्टेपनीचं चाक दारांखालच्या बाजूच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. मग गाडी हाताने हलवून बघा, आणि त्यानंतरच खाली शिरा. डोळ्यांना गॉगल हवाच, गंजाचे पापुद्रे थेट तोंडावर पडतात.

सायलेन्सर पुढच्या नळीला जिथे जोडलाय, त्या जोडावरचे बोल्ट सोडवा. अडला तर आधी किंचित आवळा, मग उलटा फिरवा. तरीही हलला नाही तर हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, कापा. शेजारी पेट्रोलची टाकी आहे, तिथे ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत. सायलेन्सर ज्यांवर टांगलेला असतो त्या रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती सहज निसटतात. तेल लावू नका, रबर खराब होतं.

नवा सायलेन्सर आधी रबरांवर टांगा. जोडात नवं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) घालून बोल्ट सैलसरच ठेवा. नळी टाकी, ॲक्सल, बंपर कशालाही टेकत नाही ना ते पाहा, आणि मगच आवळा. सायलेन्सरच्या डब्याच्या तळाशी बारीक भोक दिसलं तर बुजवू नका. ते साचलेलं पाणी जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं असतं.

गाडी खाली उतरवा आणि मोकळ्या हवेत सुरू करा. नळी तापण्याआधीच जोडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर गळती आहे. इंजिन बंद करून, गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन जोड नीट बसवा. पहिली काही मिनिटं थोडा धूर दिसेल, तो नळीवरच्या तेलाचा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी गार करून तेच बोल्ट एकदा पुन्हा तपासा.