दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कारखान्यांच्या प्रचारफिल्म्स बघायच्यात? मग अशा बघा

सुरुवात लिसन टू ब्रिटनपासून करा, १९४२ ची आहे, जेमतेम वीस मिनिटांची, हम्फ्री जेनिंग्ज आणि स्ट्यूअर्ट मॅकॲलिस्टर यांनी क्राउन फिल्म युनिट या सरकारी फिल्म विभागासाठी केलेली. काही प्रिंट्सना आधी एका कॅनेडियन माणसाचं भाषण जोडलेलं असतं, ते सरळ पुढे ढकला, कारण पूर्ण फिल्ममधे निवेदकच नाहीये आणि तीच तिची ताकद आहे, भाषण ऐकलंत तर काय वाटून घ्यायचं ते आधीच कानात बसतं.

मग तीच फिल्म परत लावा आणि डोळे मिटून घ्या. लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात पियानोवादक मायरा हेस मोझार्ट वाजवतेय, सूर अजून चालूच आहेत आणि त्यातच हळूहळू कारखान्याची घणघण मिसळायला लागते, कोणी एक शब्द बोलत नाही पण पियानो आणि मशीन एकाच देशाचे हे तुमच्या कानाने मान्य करून टाकलेलं असतं. प्रचार म्हणतात तो हाच, आणि मला तो पोस्टरवरच्या घोषणेपेक्षा कितीतरी जास्त भिडतो. मशीनवरच्या मुली स्पीकरवरच्या गाण्याबरोबर गातात तेही नीट ऐका, कारखान्यांसाठी खास गाण्यांचा कार्यक्रम बीबीसीने जून १९४० मधे सुरू केला होता, कामाचा वेग टिकावा म्हणून.

प्रत्येक फिल्मला एक प्रश्न विचाराच, ही कोणाला दाखवायला केली? ब्रिटिश माहिती मंत्रालयाच्या पाच मिनिटांच्या फिल्म्स १९४० पासून तिथल्या थिएटरांत लागायच्या, शिवाय प्रोजेक्टर घेऊन गाड्या कारखान्यांच्या कँटीनपर्यंत जायच्या, म्हणजे कामगार पडद्यावर कामगारच बघायचे. उलट १९४५ ची स्टील ही फिल्म ब्रिटिश कौन्सिलची, परदेशी लोकांसाठी आणि चक्क रंगीत. ही मात्र आवाज बंद करून बघा. पोलादाचा रस ओततानाचा तो केशरी उजेड बघितलात की कळेल रंगावर एवढा खर्च का केला.

आता वही घ्या, फिल्मचं साल लिहा आणि शेजारी त्याच सुमाराला खरं काय चाललं होतं ते लिहा. नाइट शिफ्ट ही फिल्म १९४२ ची, वेल्समधल्या तोफांच्या कारखान्यातल्या बायकांची रात्रपाळी, आणि अविवाहित तरुण बायकांना सक्तीने युद्धकामाला लावायचा कायदा डिसेंबर १९४१ चा, दोन्ही शेजारी लिहिलं की त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघाल. जानेवारी १९४२ मधे केंटमधल्या बेट्सहँगरच्या खाणकामगारांनी संप केला, हजाराच्या वर लोकांना दंड, युनियनचे तीन पुढारी तुरुंगात. असला संप या फिल्म्समधे शोधून दाखवा.

वही भरली की लिसन टू ब्रिटनचा शेवट परत लावा, पोलादाच्या भट्ट्या आणि वर रूल ब्रिटानिया या ब्रिटिश देशभक्तिगीताचा कोरस. माझ्या अंगावर अजूनही काटा येतो, सगळं माहीत असून.