रक्तद्रव आणि ऊतीद्रवाची देवाणघेवाण: या चुका टाळा

केशवाहिनी म्हणजे धमनी आणि शीर यांना जोडणारी सर्वांत बारीक रक्तवाहिनी. तिच्या भिंतीतून रक्तद्रव (रक्ताचा पातळ भाग) आणि ऊतीद्रव (पेशींभोवतीचं पाणी) यांच्यात देवाणघेवाण होते. त्याबद्दल उत्तरपत्रिकांत हमखास सापडणारं वाक्य: 'धमनीच्या टोकाला दाबामुळे ऑक्सिजन आणि ग्लुकोज बाहेर ढकलले जातात.' दाबाने ढकललं जातं ते पाणी. त्यात विरघळलेलं थोडंफार सोबत जातं, पण पेशींना मिळणारा बहुतेक सगळा ऑक्सिजन आणि ग्लुकोज विसरणाने (जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत) पोचतो, तोही केशवाहिनीच्या पूर्ण लांबीवर. कार्बन डायऑक्साइडसुद्धा आत यायला शिरेचं टोक येईपर्यंत थांबत नाही. पाण्याचे बाण निळे, विसरणाचे लाल काढा. एकाच पेनाने घाईत काढलेली आकृती इथेच फसते.

दुसरी चूक: 'रक्तद्रवात मीठ असतं म्हणून पाणी परत आत येतं.' रक्तद्रवाचा एकूण परासरण दाब (विरघळलेल्या पदार्थांची पाणी ओढण्याची ताकद) सुमारे ५,५०० मिमी पारा असतो खरा. पण सोडियम केशवाहिनीच्या भिंतीतून सहज ये-जा करतं, दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं, त्यामुळे त्याची ओढ उरत नाही. उरते ती प्रथिनांची, मुख्यतः अल्ब्युमिनची, जेमतेम २५ मिमी. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १८९६ मध्ये हेच दाखवलं: कुत्र्याच्या पायाच्या ऊतीत टोचलेलं मिठाचं पाणी रक्तात शोषलं गेलं, प्रथिनं असलेला रक्ताचा सीरम तसाच राहिला.

गणित सोपं आहे. धमनीकडे रक्ताचा दाब ३५, वजा प्रथिनांची ओढ २५, म्हणजे १० बाहेर. शिरेकडे रक्ताचा दाब १५ वर येतो, म्हणजे १० आत. बदलतो तो रक्ताचा दाब. २५ जवळपास तेवढाच राहतो. परीक्षेला हे पुरतं. प्रत्यक्षात बहुतेक ऊतींत शिरेच्या टोकालाही पाणी सतत आत येत नाही, थोडंथोडं बाहेरच झिरपतं आणि ते लसीकावाहिन्या (ऊतींतलं जादा पाणी रक्तात परत नेणाऱ्या नळ्या) उचलतात. म्हणून लसीकेशिवाय काढलेली आकृती अर्धवट. विदर्भातल्या हत्तीपायाच्या रुग्णांत कृमी याच वाहिन्या निकामी करतात आणि पाय सुजत जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक रुग्णाच्या खाटेपाशी होते. डेंग्यूचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर जातं. नेमक्या याच २४ ते ४८ तासांत केशवाहिन्या गळू शकतात. रक्तद्रव प्रथिनांसकट बाहेर पडतो, छातीत आणि पोटात साचतो. लाल पेशी आतच राहतात, म्हणून रक्त घट्ट होतं: हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं शेकडा प्रमाण) ४० चं ४८ झालं तर ती २०% वाढ आहे. प्लेटलेटच्या शेजारी हाही आकडा रोज लिहून ठेवा. पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, गार हातपाय, कमी लघवी यांपैकी काहीही दिसलं तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालय गाठा.

आणि 'अजून एक बाटली लावा' हा हट्ट सोडा. निरोगी माणसाला लिटरभर सलाईन दिलं तरी तासाभराने रक्तवाहिन्यांत साधारण पाव लिटरच उरतं, बाकीचं ऊतीद्रवात जातं, कारण त्यात मीठ आहे, प्रथिनं नाहीत. डेंग्यूत गळती थांबली की साचलेलं पाणी आपोआप रक्तात परततं. तेव्हाही सलाईन चालूच राहिलं तर ते फुप्फुसात उतरतं आणि बरा होत आलेला रुग्ण धापा टाकू लागतो.