मिसळ चालू, खिचडीला लगाम

वजन उतरत होतं, पण एकादशी-चतुर्थी आली की काटा अडायचा. दोष रविवारच्या मिसळीचा नव्हता, उपासाच्या खिचडीचा होता! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, वर तूप. स्टार्चच्या ग्रॅममागे ४ कॅलरी, स्निग्धांशाच्या ९. आता उपासाला वरीचे तांदूळ, ताक, काकडीची कोशिंबीर. खिचडी करायचीच तर वाटीभर, सोबत दही.

मिसळ मात्र सोडली नाही. मटकी भरपूर, फरसाण मूठभर, तर्री बेताची, पाव एकच. दुसरा आईच्या ताटात सरकवतो. ती कुरकुरते, पण खाते. होळीची पुरणपोळी तुपासकटच खाणार. कोरडी पुरणपोळी कोण खातं? त्या रात्री नुसतं मुगाचं कढण.