शाळेतल्या रेसिडेन्सीला जाताना स्केच घरी ठेवा

माझी पहिली शाळेतली रेसिडेन्सी, म्हणजे कलाकारानं काही आठवडे शाळेत राहून मुलांसोबत काम करणं, दहा आठवड्यांची होती. शाळा, एक छोटी कलासंस्था आणि आसपासच्या रहिवाशांची संघटना अशा तिघांनी मिळून मला बोलावलं होतं. मी पहिल्याच दिवशी भित्तिचित्राचं पक्कं स्केच घेऊन हजर. मुख्याध्यापकांना आवडलं, भिंतही ठरली. चौथ्या दिवशी शिपाईकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मॅडम, ही भिंत खालून ओल धरते," म्हणाले, आणि नखानं एक पोपडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

तेव्हापासून पहिले दोन आठवडे मी काही बनवत नाही. वर्गात मागे बसते, संघटनेच्या बैठकांना जाते, एकेकाशी वेगळं बोलते. लोकांना संघटित करणाऱ्यांचं कामही असंच सुरू होतं: आधी माणसं, मागणी नंतर. कलाकाराला हे जड जातं, कारण दाखवायला काहीच नसतं आणि आयोजक फोटो मागत असतात. (मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नका, कुणी कितीही घाई केली तरी.)

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे कलाकार रिक लो यांचा किस्सा नवख्यांना मी हमखास सांगते. त्यांच्या स्टुडिओत आलेला एक शाळकरी मुलगा त्यांना म्हणाला, की तुमच्या चित्रांत आमच्या वस्तीचे प्रश्न दिसतात, पण ते आम्हाला माहीतच आहेत; कलाकार आहात तर उपाय का नाही शोधत? पुढे १९९३ मध्ये लो आणि त्यांच्या सोबतच्या कलाकारांनी थर्ड वॉर्ड भागातली २२ जुनी, ओळीत उभी घरं हाती घेतली, आणि 'प्रोजेक्ट रो हाउसेस' उभं राहिलं. तिथे कलाकारांना जागा मिळाली आणि एकट्यानं मूल वाढवणाऱ्या तरुण आयांना राहायला घरंही.

आता वेळापत्रक. ४० मिनिटांच्या तासात रंग मांडायला दहा आणि ब्रश धुवायला दहा मिनिटं जातात. म्हणून एक तर जोडतास मागून घ्या, नाही तर कोळसा, कागद, कात्री यांवर भागवा. वर्गशिक्षक वर्गात थांबतील हे करारात लिहून घ्या, नाहीतर तुम्ही फुकटचे बदली शिक्षक होता. स्वतःच्या कामाचे दिवस, साहित्याचा खर्च आणि काम शेवटी कुणाच्या मालकीचं, हेही त्यातच. शेवटचा मुद्दा सगळे टाळतात, मीही टाळला होता.

माझ्या त्या पहिल्या रेसिडेन्सीत ओलीमुळे भिंत सोडावी लागल्यावर आम्ही लाकडी फळ्यांवर वळलो. मुलांनी घर ते शाळा असा आपापला रस्ता काढला आणि जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका दिला. बारा फळ्या शेजारी शेजारी लावल्या तर नऊ ठिपके एकाच वळणावर! माझ्या लक्षात यायच्या आधी ते संघटनेच्या एका बाईंनी हेरलं. "ह्या आम्ही नेऊ का?" त्यांनी विचारलं. प्रदर्शनाला चार दिवस उरले होते आणि माझं तोंड उतरलं, हे कबूल करते. त्या फळ्या वाहतूक खात्याच्या बैठकीत टेबलावर मांडल्या गेल्या. प्रदर्शनात आम्ही रिकाम्या खिळ्यांखाली मुलांची नावं लावली. दहा फळ्या परत आल्या. उरलेल्या दोन अजून कुणाच्या तरी कपाटामागे असतील.