लिनक्समध्ये नेटवर्क कार्ड चालेना? ड्रायव्हर बदलण्याआधी या चुका टाळा

‘नेट चालत नाही’ या एका तक्रारीत निदान सहा वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. कार्ड बसवर, म्हणजे मशीनच्या आतल्या जोडमार्गावर, दिसतच नाही. दिसतं, पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही. ड्रायव्हर लागला, पण फर्मवेअर (कार्डात भरायचं सॉफ्टवेअर) मिळालं नाही. इंटरफेस तयार आहे, पण केबलवर सिग्नल नाही. सिग्नल आहे, पण पॅकेट गळतात. किंवा हे सगळं नीट आहे आणि घोळ आयपी पत्त्यात नाहीतर डीएनएसमध्ये आहे. डीएनएस सोडलं तर या सगळ्या अवस्था लिनक्स कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला, वेगवेगळ्या कळतात आणि विचारलं तर तो सांगतोही. तरी बहुतेक जण आधी ड्रायव्हर उडवतात, कुठून तरी दुसरा आणून टाकतात, मशीन चारदा रीस्टार्ट करतात. तोवर मूळ लॉग हाताबाहेर गेलेला असतो आणि एका बिघाडाचे दोन झालेले असतात. म्हणून माझा आग्रह आहे: खालून वर एकेक पायरी तपासा आणि नेमकी अडलेली पायरी सापडेपर्यंत काहीही बदलू नका.

कार्ड चुकीच्या जागी शोधणं

डिस्क, कीबोर्ड, सिरियल पोर्ट यांच्या फायली ‘डेव्ह’ डिरेक्टरीत असतात, त्यामुळे नेटवर्क कार्डही तिथेच असेल असं नवख्यांना वाटतं. नेटवर्क हा या नियमाचा ठळक अपवाद आहे. कार्डाची फाइल नसते, कर्नलमध्ये त्याची नोंद इंटरफेस म्हणून होते. ती ‘आयपी लिंक’ या कमांडने किंवा ‘सिस’ डिरेक्टरीतल्या ‘क्लास’खालच्या ‘नेट’मध्ये पाहायची. नावही ‘ईटीएच०’ असेलच असं नाही. २०१३ साली आलेल्या सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवरून नाव ठरण्याची पद्धत आली. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे तिसऱ्या पीसीआय बसवरचा शून्य क्रमांकाचा स्लॉट. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘ईटीएच०’ लिहिलेलं असेल तर कार्ड ठणठणीत असूनही स्क्रिप्ट पडते आणि दोष ड्रायव्हरला लागतो.

इंटरफेसच दिसत नसेल, तर ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएनके’ हे पर्याय देऊन चालवा. त्यात कार्डाच्या नावाशेजारी चौकटी कंसात दोन भागांचा एक आकडा दिसतो, उदाहरणार्थ ‘१०ईसी:८१६८’. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा (इथे रिअलटेक), दुसरा चिपचा. ड्रायव्हरच्या आत अशा जोड्यांची यादी असते आणि कर्नल त्यावरूनच जुळणी करतो. म्हणून शोधायचं ते या आकड्याने, खोक्यावरच्या नावाने नाही. यूएसबी वायफाय डोंगलमध्ये तर नाव तेच ठेवून पुढच्या आवृत्तीत आतली चिप पार बदललेली असते.

त्याच नोंदीखाली दोन ओळी असतात: ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’. दुसरी आहे पण पहिली नाही, याचा अर्थ मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, मशीनवर आहे, कार्डाला लागलेला मात्र नाही. एक तर तो ब्लॅकलिस्टमध्ये (न चढवायच्या यादीत) गेलाय किंवा सुरू होताना आपटलाय. आपटला असेल तर कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये त्याचं कारण सापडतं. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलजवळ त्या चिपचा ड्रायव्हर नाही. आणि पीसीआय कार्ड यादीतच नसेल, तर जगातला कुठलाही ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. बायॉस सेटिंग, स्लॉट, केबल इथे बघायला हवं.

डोंगलच्या बाबतीत आणखी एक खोडा असतो. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून समोर येतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ‘यूएसबी मोडस्विच’ने त्यांना इशारा दिल्यावरच ते नेटवर्क कार्डाच्या रूपात येतात.

फर्मवेअरला ड्रायव्हर समजणं

वायफायच्या तक्रारींमध्ये ही गल्लत हमखास होते. ड्रायव्हर तुमच्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालतो. फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालतं. ते बहुतेकदा कार्डात कायमचं नसतं, तर दर वेळी ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. ही फाइल नसेल तर ड्रायव्हर कितीही नवा आणा, इंटरफेस उभा राहत नाही. ‘डीमेसेज’मध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अशी सुरुवात असलेली आणि ‘एरर -२’ने संपणारी ओळ दिसली, तर उणे दोनचा अर्थ साधा आहे: फाइल सापडली नाही. उपाय म्हणजे ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त परवाना नसलेलं फर्मवेअर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून सामील झालं. त्याआधीच्या माध्यमावरून बसवलेल्या मशीनवर ही फाइल नसणं अगदी शक्य आहे.

पण प्रत्येक ‘-२’ने घाबरायचं कारण नाही. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हर आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्यात नव्या क्रमांकाची फाइल आधी मागतो, नाही मिळाली की एकेक क्रमांक खाली उतरतो. लॉगमध्ये चार-पाच ‘सापडली नाही’ आणि शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ असं असेल, तर सगळं सुरळीत आहे. त्या चार ओळींचा स्क्रीनशॉट घेऊन उत्तर शोधत बसणाऱ्यांचा वेळ अक्षरशः वाया जातो. शेवटची ओळ वाचायची.

आता खरा चकवा: फाइल डिस्कवर डोळ्यांदेखत आहे, तरी ‘-२’. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल किंवा इनिट्रॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टम) लवकर चढत असेल, तर तो फर्मवेअर मागतो तेव्हा मुख्य डिस्क अजून माउंटच झालेली नसते. अशा वेळी फर्मवेअर इनिट्रॅमएफएसमध्ये घालून ती पुन्हा बनवा, नाहीतर ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवा.

कर्नल अपडेट केला, पण रीबूट टाळला

आर्चसारख्या डिस्ट्रोमध्ये कर्नल अपडेट होताच जुन्या आवृत्तीचे मॉड्यूल डिस्कवरून जातात. मेमरीत मात्र जुनाच कर्नल चालू असतो. आधीच चढलेले मॉड्यूल काम करत राहतात, त्यामुळे काही बिनसलंय हे लक्षातही येत नाही. मग यूएसबी ईथरनेट लावावं तर ढिम्म. व्हीपीएन म्हणतो ‘टन’ डिव्हाइस (त्याचा आभासी इंटरफेस) नाही. कंटेनरचं नेटवर्क उठत नाही. ‘यूनेम -आर’ने आलेली आवृत्ती आणि ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ डिरेक्टरीतलं नाव जुळत नसेल, तर रोग हाच. रीबूट करा, दुसरं काही नको.

स्वतः कर्नल बांधणाऱ्यांसाठी सापळा वेगळा आहे. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ खूप सोयीचं आहे, पण ते फक्त त्या क्षणी चढलेले मॉड्यूल पाहतं. तेव्हा डोंगल लावलेला नसेल, व्हीपीएन बंद असेल, तर डोंगलचा ड्रायव्हर, ‘टन’, कंटेनरना लागणारे ‘व्हीईटीएच’ आणि ब्रिज, फायरवॉलसाठीचे नेटफिल्टरचे भाग सगळे गळतात. रोज लागणारी सगळी उपकरणं जोडून, व्हीपीएन आणि कंटेनर चालू ठेवूनच ही कमांड द्या.

बाहेरचा ड्रायव्हर उगीच ओढवून घेणं

कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर असताना उत्पादकाचा वेगळा ड्रायव्हर बसवणं मला बहुतेक वेळा चुकीचं वाटतं. वर दिलेल्या रिअलटेक चिपसाठी कर्नलचा ‘आर८१६९’ असतो आणि उत्पादकाचा ‘आर८१६८’. कुठल्या तरी जुन्या सल्ल्यावरून लोक दुसरा बसवतात, पहिला ब्लॅकलिस्ट करतात आणि पुढच्या कर्नल अपडेटला दोन्ही हातचे जातात.

असं होण्याला कारण आहे. प्रोग्रामसाठीचे सिस्टम कॉल मोडायचे नाहीत, हे लिनक्स कटाक्षाने पाळतो. कर्नलच्या आतल्या फंक्शनना मात्र अशी हमी नाही. ती बदलणारा कर्नलमधले सगळे ड्रायव्हर सोबतच सुधारतो, बाहेरच्यांकडे पाहणं त्याचं काम नाही. ६.१ आवृत्तीत ‘नेटिफ_नापी_ॲड’ या फंक्शनचा चौथा आर्ग्युमेंट, म्हणजे वेट, काढून टाकला. बाहेरचे असंख्य ड्रायव्हर त्या एका ओळीवर ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ म्हणत अडले. डीकेएमएस हे साधन कर्नल अपडेटच्या वेळी बाहेरचा ड्रायव्हर आपोआप बांधतं खरं, पण बांधणी फसल्याची सूचना शंभर ओळींत हरवते. अपडेटनंतर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघण्याची सवय लावा, आणि चालणारा जुना कर्नल बूट मेनूत राहू द्या.

मॉड्यूल नीट बांधला, तरी ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं, तर सिक्युअर बूट (सही तपासूनच कोड चालू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलच्या सहीवर कर्नलचा विश्वास नाही. ‘मोकयूटिल’ने स्वतःची किल्ली नोंदवा. थेट सिक्युअर बूट बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण गरज एका किल्लीची असताना सगळं कुलूपच काढू नये.

‘अप’ म्हणजे जोडलेलं, हा गैरसमज

‘आयपी लिंक’मध्ये ‘अप’ दिसलं म्हणजे इंटरफेस तुमच्या बाजूने सुरू केलाय, एवढंच. पलीकडून सिग्नल येतोय हे ‘लोअर_अप’ सांगतं. ‘नो-कॅरिअर’ असेल तर डीएचसीपीशी (आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) झगडण्यात अर्थ नाही. वायफायला याच पायरीवर रेडिओ बंद केलाय का हे सांगणारी ‘आरएफकिल लिस्ट’ बघायची. सॉफ्ट ब्लॉक कमांडने निघतो, हार्ड ब्लॉकसाठी मशीनवरचं बटण किंवा बायॉस गाठावं लागतं.

केबलवर वेग कमी मिळतो म्हणून ‘ईथटूल’ने वेग ठोकून बसवणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा, तुम्ही १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं केलं आणि ऑटो निगोशिएशन (दोन्ही टोकांनी हे आपसात ठरवणं) बंद केलं. पलीकडचा स्विच मात्र ऑटोवरच आहे. त्याला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, आणि अशा वेळी नियमाप्रमाणे तो हाफ (एका वेळी एकच दिशा) धरतो. तुमचं कार्ड हवं तेव्हा पाठवतं, स्विचला ती टक्कर वाटते. पिंग छान चालतो आणि मोठी फाइल रांगायला लागते. तुमच्या बाजूला सीआरसी एरर (खराब होऊन आलेली पॅकेट) वाढतात, त्याच्या बाजूला उशिराच्या टकरी. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो निगोशिएशन लागतंच. गिगाबिट कार्ड १००वर अडकलं असेल तर आधी केबल बदलून पाहा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात.

टीसीपीडंपमधल्या आकड्यांनी फसणं

एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५००, आणि पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये २० हजार बाइटचं पॅकेट! बाहेर जाणाऱ्या जवळपास प्रत्येक पॅकेटचं चेकसम ‘इनकरेक्ट’! यावरून ड्रायव्हर बिघडल्याचं ठरवू नका. मोठा तुकडा कापणं आणि चेकसम भरणं ही कामं कर्नल कार्डावर सोपवतो. टीसीपीडंप त्याआधीचं चित्र दाखवतं. येणाऱ्या बाजूला जीआरओ ही सोय लहान पॅकेट जोडून मोठं करते. ‘ईथटूल -के’मध्ये कुठली कामं कार्डावर आहेत ते दिसतं. शंका असेल तर त्यातलं एकेक बंद करून पाहा, सगळी एकदम नको.

एमटीयूची खरी अडचण वेगळी दिसते: जोडणी होते, लॉगिन होतं, पण मोठं पान अर्ध्यात अडकतं. तुकडे न करण्याची सक्ती करून १४७२ बाइटचा पिंग द्या. त्यात आयसीएमपीचे (पिंगचा प्रोटोकॉल) ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की नेमके १५०० होतात. हा अडतो आणि १४०० चा जातो, म्हणजे बहुधा वाटेत कुठे तरी बोगदा (व्हीपीएनसारखा टनेल) आहे आणि ‘पॅकेट फार मोठं आहे’ असं सांगणारा आयसीएमपी निरोप अडवलेला आहे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

पाठवणीचं फंक्शन, ‘एनडीओ_स्टार्ट_एक्समिट’, अशा संदर्भात चालतं जिथे झोपायला, म्हणजे थांबून वाट पाहायला, मनाई आहे. तिथे म्यूटेक्स घेतला, ‘एमस्लीप’ केलं किंवा ‘जीएफपी_कर्नल’ने मेमरी मागितली, तर टेबलावर महिनाभर चालेल आणि ताण आल्यावर ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ म्हणत कोसळेल.

रिंग (कार्डाला द्यायच्या पॅकेटची ठरावीक जागा) भरल्यावर ‘बिझी’ परत करणं हाही आडमार्गच आहे. जागा संपत आली की आधीच रांग थांबवायची. शिवाय ‘बिझी’ म्हटलं की पॅकेटची मालकी कर्नलकडेच राहते, ते मोकळं केलंत तर दुसऱ्याच्या मेमरीवर हात पडला. ‘ओके’ म्हटलं की मालकी तुमची, मग पॅकेट टाकून दिलं तरी मोकळं करायलाच हवं, नाहीतर गळती.

नापीच्या (आलेली पॅकेट गठ्ठ्याने उचलायची कर्नलची पद्धत) पोल फंक्शनमध्ये बजेट, म्हणजे एका फेरीची मर्यादा, पूर्ण वापरलं असेल, तर ‘पूर्ण झालं’ असं सांगायचं नाही. बजेटपेक्षा कमी काम निघालं, तरच पूर्ण करून इंटरप्ट पुन्हा चालू करायचा. आणि ‘रजिस्टर_नेटडेव्ह’ सगळ्यात शेवटी, कारण ते परतण्याआधीच कोणी इंटरफेस उघडू शकतं.

फक्त एक्स८६ वर तपासून समाधान मानू नका. तिथे डीएमए (कार्डाने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअरच राखतं, त्यामुळे विसरलेला सिंक कॉल लपून राहतो. अनेक एआरएम बोर्डांवर तोच कॉल नसल्यामुळे जुना डेटा हाती येतो. डीएमए एपीआय डीबग, लॉकडेप आणि केएसॅन ही तपासणीची साधनं चालू करून बांधलेला कर्नल या बहुतेक चुका तुमच्या टेबलावरच पकडतो.

‘नेटडेव्ह वॉचडॉग... ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ ही ओळ म्हणजे पाठवलेल्या पॅकेटची पोच कार्डाने ठरलेल्या वेळेत, बहुधा ५ सेकंदांत, दिली नाही. हरवलेला इंटरप्ट, वेळेवर न उठवलेली रांग किंवा पीसीआयची वीजबचत, यांपैकी काहीही असू शकतं. बूट करताना ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ देऊन बिघाड थांबला, तर शोध एकदम आवाक्यात येतो.

आधीच्या कर्नलवर चालत होतं आणि नव्यावर नाही, अशी खात्री असेल तर ‘गिट बायसेक्ट’ करा. लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असले, तरी दर वेळी निम्मे वगळत गेलं की साधारण १४ बांधण्यांत दोषी बदल हाती लागतो. तक्रार नोंदवताना त्या बदलाचा क्रमांक, चिपचा आकडा, ‘ईथटूल -आय’चं उत्तर आणि बूटपासूनचा पूर्ण ‘डीमेसेज’ जोडा. शेवटच्या दहा ओळी कापून पाठवू नका, कारण ड्रायव्हर कार्डाला लागला तेव्हाच्या ओळी लॉगच्या सुरुवातीला असतात.