आवाज आहे, आता वाचायला शिका: व्हॉइसओव्हरमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

“माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, व्हॉइसओव्हर करायचंय, सुरुवात कुठून करू?” अशा अर्थाचा मेसेज मला अधूनमधून येतच असतो. कधी अकोल्याहून, कधी इचलकरंजीहून, कधी दुबईत नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी मुलाकडून. मी सगळ्यांना एकच काम सांगते. आजचा पेपर घ्या, अग्रलेख काढा, आधी नजरेखालून न घालता मोठ्यानं वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. मग मी ऐकते की माणूस कुठे अडखळतो, आकडे कसे वाचतो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असलं तरी वाक्याचा रोख त्याला सुरुवातीलाच कळलाय का. आवाजाचा पोत सगळ्यात शेवटी.

कारण हे काम वाचनाचं आहे. स्टुडिओत कॉपी, म्हणजे वाचायचा मजकूर, हातात पडते तेव्हा काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट तयार असतो, एजन्सीची माणसं फोनवर असतात आणि स्टुडिओचं तासाचं भाडं चालू असतं. पाठांतराला वेळच नसतो. एकदा डोळे फिरवून जो पुढच्या वाचनात स्वच्छ टेक, म्हणजे न अडखळता एका दमातलं रेकॉर्डिंग, देतो, त्याला पुन्हा बोलावणं येतं. खर्जातला भारदस्त आवाज आहे पण दोन ओळी सरळ वाचता येत नाहीत, अशी कितीतरी मंडळी परत गेलेली मी पाहिली आहेत. आणि जाहिरातवाल्यांना आता बऱ्याचदा साधा, शेजारच्या घरातला वाटावा असा आवाजच हवा असतो. अभिनेते शरद केळकर पूर्वी बोलताना अडखळायचे, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. आज प्रभासचा हिंदी आवाज म्हणून लोक त्यांना ओळखतात.

रोज अर्धा तास मोठ्यानं

पेपर, शाळेचे धडे, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, विजेच्या बिलामागची बारीक अक्षरं, जे हाताला लागेल ते वाचा. उभं राहून वाचा, रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, म्हणजे काय वाचलं होतं ते थोडं विसरलेलं असतं आणि शब्द खरोखर कळतायत का ते समजतं.

उच्चारांकडे बारीक लक्ष द्या. चमचा आणि चहा, जाळं आणि जीवन, माझा आणि माझी. लिपीत अक्षर एकच, तोंडात दोन. गप्पा मारताना हे सगळं आपसूक बरोबर येतं, पण कागद समोर आला की इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं सगळेच ‘च’ चहातल्यासारखे करायला लागतात. ‘ळ’ आणि ‘ण’ घाईत गळतात. आकड्यांची तर वेगळी तालीम करा: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. बँकेच्या आणि विम्याच्या कॉपीत हे येणारच, आणि तिथे थबकलात की टेक गेला. 1.5 टक्के लिहिलं असेल तर ‘दीड’ म्हणायचं की ‘एक पॉइंट पाच’, हे आधी विचारून घ्या.

मी बार्शीची. माझ्या बोलण्यात गावाकडची लय आहे आणि ती मी पुसलेली नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेली मुलं पहिल्याच भेटीत आपल्या बोलीबद्दल माफी मागतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. प्रमाण मराठी शिकाच, ती या कामाची रोजची भाकरी आहे. पण घरची बोली जपून ठेवा. एखाद्या पात्राला अस्सल वऱ्हाडी हवी असते तेव्हा दादर-पार्ल्यात ती शोधून सापडत नाही.

कॉपी हातात आली की

पेन्सिल बाळगा. एक छोटा तुकडा घेऊन दाखवते. एप्रिल-मेमध्ये रेडिओसाठी शेतीच्या जाहिराती रेकॉर्ड होतात, त्या धाटणीचा हा मजकूर:

“यंदा सोयाबीन पेरताय? मग पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया कराच. उगवण चांगली, रोपं निरोगी, आणि खर्चही आटोक्यात.”

नवा माणूस हमखास ‘सोयाबीन’वर जोर देतो. पण काय पेरायचं हे ऐकणाऱ्याचं ठरलेलंच आहे, त्यात त्याला नवीन काहीच नाही. सगळा मुद्दा ‘आधी’मध्ये आहे, म्हणून पेन्सिलीची रेघ तिथे. ‘कराच’मधला ‘च’ स्वतःच जोर घेऊन आलाय. तुम्ही आणखी दिलात तर सल्ल्याचा हुकूम होतो. पुढचे तीन फायदे एका चालीत म्हटले तर पाढे वाटतात. म्हणून ‘चांगली’वर सूर उघडा ठेवायचा, ‘निरोगी’वर किंचित वर न्यायचा आणि ‘आटोक्यात’वर खाली आणून टेकवायचा. श्वास ‘पेरताय?’ म्हटल्यावर आणि ‘कराच’ म्हटल्यावर, मधे कुठेही नाही. ‘बीजप्रक्रिया’ घाईत ‘बीजपक्रिया’ होतं, तेव्हा माइकसमोर जाण्यापूर्वी तीन-चारदा सावकाश म्हणून घ्या. आणि ऐकणारा एकच माणूस ठरवा. ‘शेतकरी बंधूंनो’ असा जमाव डोळ्यांपुढे आणला की भाषण होतं. मी माझ्या मामाला समोर बसवते. मृग तोंडावर आलंय, त्याला पेरणीची घाई आहे आणि माझं बोलणं तो अर्ध्या कानानं ऐकतोय.

वेळ मोजायची सवय लावा. तीस सेकंदांत मराठीचे साधारण साठ-पासष्ट शब्द आरामात बसतात. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी धडाधड म्हटली जाणारी सूचना सगळ्यांनी ऐकलेली असते. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, जाहिरात नियमांत उदाहरणच दिलं होतं, की चौदा इंग्रजी शब्दांची ती सूचना किमान 5 सेकंद चालली तर ती स्पष्ट आणि समजण्याजोगी मानता येईल. तीच सूचना मराठीत स्टॉपवॉच लावून म्हणून बघा. वेग आणि स्पष्टता एकत्र सांभाळण्याचा इतका चांगला सराव दुसरा नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मराठीतली बरीचशी कॉपी हिंदी मास्टरवरून, म्हणजे मूळ हिंदी जाहिरातीवरून, भाषांतरित होऊन येते आणि तेवढ्याच सेकंदांत बसवावी लागते. ‘आपल्या परिवारासोबत आनंद साजरा करा’ असली वाक्यं तुमच्या पुढ्यात येतील. ती निमूटपणे वाचू नका. आधी लिहिल्याप्रमाणे एक टेक द्या, मग नम्रपणे विचारा: “‘घरच्यांसोबत’ म्हटलं तर चालेल का? अर्धा सेकंद वाचेल.” वेळ वाचतोय म्हटल्यावर क्लायंट बहुतेक वेळा हो म्हणतो. पलीकडे बसलेल्या माणसाला मराठी येतच असेल असं नाही. कित्येकदा त्या खोलीत मराठी कळणारे फक्त तुम्ही असता, आणि चुकीची मराठी महाराष्ट्रभर वाजली तर ती तुमच्या आवाजात वाजते.

हिंदीतही काम करायचं असेल तर कान वेगळा तयार करा. ‘ज्ञान’ तिथे ‘ग्यान’ होतं, ‘कृपा’चा उच्चार ‘क्रिपा’ होतो, आणि ‘है’ आपल्या ‘अइ’सारखं म्हटलं की मराठी माणूस लगेच ओळखू येतो.

काम कुठे आहे

जाहिरात सगळ्यांना दिसते, पण दरवाजे इतर ठिकाणी लवकर उघडतात. डबिंगमध्ये सुरुवात क्राउडपासून होते: बाजारातला गलका, लग्नातली माणसं, मोर्चातल्या घोषणा. कंटाळा करू नका. ओठांबरोबर वाक्य कसं टाकायचं, क्यू, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायची खूण, कसा पकडायचा, हे तिथे उभं राहून जुन्या कलाकारांना बघतच शिकता येतं. अंधेरी, वर्सोवा, गोरेगाव या पट्ट्यात असे स्टुडिओ भरपूर आहेत. त्याखेरीज ई-लर्निंग, बँकांचे फोनवरचे संदेश, सरकारी योजनांच्या फिल्म, निवडणुकीतल्या प्रचाराच्या ध्वनिफिती. ही कामं कुणी मिरवत नाही, पण घरभाडं त्यांच्यातून निघतं.

मुंबईत येणं लगेच जमणार नसेल तर जवळचं आकाशवाणी केंद्र गाठा. सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी, सोलापूर अशा केंद्रांवर नैमित्तिक निवेदकांसाठी वेळोवेळी जाहिरात निघते. लेखी परीक्षा असते, मग स्वरचाचणी. तिथे मिळणारी शिस्त पुढे आयुष्यभर पुरते. प्रदीप भिडे दूरदर्शनवर ज्या स्वच्छपणे बातम्या वाचत, तो स्वच्छपणा अशाच शिस्तीतून येतो. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग आहे. आपल्या जिल्ह्यात असं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे का, ते बघा.

ऑडिओबुकचं दालन मराठीत मोठं झालं ते 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून. मात्र तिथे चार-चार तास एकाच ऊर्जेनं वाचावं लागतं, आणि पहिल्या प्रकरणातला आजोबा बाराव्या प्रकरणातही तसाच ऐकू यावा लागतो. याची तयारी करायची असेल तर दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थांकडे स्वयंसेवक म्हणून जा. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं हे काम जुनं आहे. ऐकणाऱ्याला त्या पुस्तकाची खरी गरज असते, त्यामुळे वाचणाराही जबाबदारीनं वाचतो.

घरातली खोली आणि माइक

यावर लोक सगळ्यात आधी पैसे घालवतात. थांबा. पहिले काही महिने मोबाइल पुरतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, मागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, फोन एअरप्लेन मोडवर घालून तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा तिरका धरा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुत्कार मग थेट माइकवर आदळत नाही. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि कोकिळा यांच्यापुढे इलाज नाही, रात्री अकरानंतर बसा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी घुमारा जात नाही.

कामाचे पैसे यायला लागले की कंडेन्सर माइक, तो संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, फुत्कार अडवणारा पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन घ्या. इंटरफेसवर माइकला वीज पुरवणारं, 48 व्होल्टचं फॅन्टम पॉवरचं बटण दाबलं नाही तर बहुतेक कंडेन्सर माइक मुकेच राहतात. नवी मंडळी इथे घाबरून माइक परत करायला निघतात. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो, वेव्ह फाइल द्या, आवाजाची सगळ्यात उंच पातळी (पीक) उणे 3 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि कुणी मागितल्याशिवाय रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) किंवा संगीत घालू नका.

काम मागताना पाठवायचा आवाजाचा नमुना मिनिट-दीड मिनिटाचा पुरे. मराठीचा वेगळा, हिंदीचा वेगळा, जाहिरातीचा वेगळा, कथावाचनाचा वेगळा. गाजलेल्या जाहिरातींची नक्कल त्यात नको, ऐकणारा नकळत मूळ आवाजाशी तुलना करतो. तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य पहिल्या पाच सेकंदांत ठेवा, कारण कामासाठी आवाज निवडणारा कोऑर्डिनेटर दिवसभर असे नमुने ऐकत असतो. फाइलच्या नावात तुमचं नाव, भाषा आणि प्रकार लिहा. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. “व्हॉइस मेसेजमध्ये गाऊन दाखवू का?” असं विचारू नका.

स्टुडिओत जाताना हातातल्या बांगड्या, वाजणारे दागिने, सळसळणारे कपडे टाळा. थोडं खाऊन जा, रिकाम्या पोटाची गुडगुड माइकला बरोबर ऐकू येते. दुधाचा चहा रेकॉर्डिंगनंतर. पाणी सकाळपासून पीत राहा, ऐनवेळी प्यायलेल्या ग्लासभर पाण्यानं तोंडातला चिकचिक आवाज थांबत नाही. आणि दिग्दर्शकानं “आणखी थोडं हसरं” म्हटलं की स्पष्टीकरण देऊ नका, तसा टेक द्या.

पैसा आणि करार

काम देण्याच्या बदल्यात ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून निघा. शिकवणीची फी वेगळी गोष्ट, पण शिकवणीबरोबर कामाची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मानधन ठरवताना चार गोष्टी विचारा: कुठे वाजणार (टीव्ही, रेडिओ, डिजिटल), किती काळ, किती भाषांत, आणि दुरुस्त्या किती वेळा. मुदत संपल्यावर जाहिरात पुन्हा चालवली तर पुन्हा पैसे मागायचे असतात, त्यात संकोच कसला? ‘स्क्रॅच’, म्हणजे तात्पुरता कच्चा नमुना, म्हणून दिलेला आवाज पुढे अंतिम जाहिरातीत वापरला तर त्याचं मानधन वेगळं, हेही आधीच बोलून घ्या. सगळं ई-मेलवर घ्या, फोनवरचं बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही. बिल त्याच दिवशी पाठवा, पॅन नंबरासह. बहुधा 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा होऊन पैसे येतील, तो तुमच्या नावावर जमा झालाय की नाही हे आयकर खात्याच्या पोर्टलवर तपासा.

आणि करारात एक ओळ डोळ्यांत तेल घालून शोधा. ‘भविष्यातील सर्व तंत्रज्ञानासाठी’, ‘कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी’, ‘मशीन ट्रेनिंगसाठी’ अशा शब्दांत ती असते, पुष्कळदा इंग्रजीत आणि शेवटच्या पानावर. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध अंतरिम आदेश दिला, तो आपल्या सगळ्यांसाठी महत्त्वाचा आहे. पण तुम्ही स्वतःच सही करून परवानगी दिली असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. ती ओळ खोडून सही करा, किंवा तिच्याशेजारी ‘फक्त या प्रकल्पापुरतं’ असं लिहून घ्या. एआयसाठीच आवाज द्यायचा असेल तर तो वेगळा करार, वेगळी मुदत आणि वेगळे, पुष्कळ जास्त पैसे. समोरचा यातलं काहीच मान्य करत नसेल तर ते काम सोडा, पहिलंच असलं तरी.