रोलंड कर्कचा तीन बाजूंचा अल्बम ऐकायचा कसा?

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक राहसान रोलंड कर्कचा ‘द केस ऑफ द थ्री साइडेड ड्रीम इन ऑडिओ कलर’, १९७५ चा डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू. संगीत तीनच बाजूंना, चौथी जवळजवळ कोरी, मध्येच फोनवरचं बोलणं येतं बस्स. म्हणून बरेच जण याला नुसता चावटपणा समजून सोडून देतात.

आधी एक करा, शफल बंद करा. गाण्यांच्या मधे ‘ड्रीम’ नावाचे आवाजांचे तुकडे आहेत, ते स्किप केले की सगळी मजाच गेली, कारण हे एक लांबलचक स्वप्न आहे आणि स्वप्नात जसं तेच तेच वेगळ्या रूपात परत येतं तसंच इथे ‘द एंटरटेनर’ दोनदा येतं. मूळ चाल स्कॉट जॉप्लिनची, १९०२ ची रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीची, ठेक्याशी खेळणारी पियानोची अमेरिकन शैली. ती आधी ऐकून या, मग कर्कने तिला ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुखऱ्या सुरांच्या गाण्याच्या ढंगात, कसं लोळवलंय ते नीट कळतं.

आणि हो, हा अंध माणूस एकाच वेळी तीन सॅक्सोफोन तोंडात धरून वाजवायचा, श्वास न तोडता. त्यामुळे सूर जाड झाला की थांबा, रिवाइंड करा, किती वाद्यं एकट्याची असतील ते ओळखायचा प्रयत्न करा. हेडफोन हवाच. पहिल्यांदा डोकं फिरेल, फिरू द्या.